चोखंदळ वाचकाचे चार तारे

मत सोमवारी सकाळी आलं. ताईने ते कामावर वाचलं, प्लास्टर घट्ट व्हायची वाट बघताना.

ताई कवळ्या बनवत असे. दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे येत, ती त्यांत प्लास्टर ओतून साचे काढी, मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवी आणि चावा जुळेपर्यंत घासत राही. दोन साच्यांच्या मधे हात रिकामे असत. तेवढ्यात ती फोनवर धाकट्या भावाच्या पुस्तकांबद्दल लोक काय म्हणतात ते वाचून घेई.

भाऊ लेखक होता. वाचकांमध्ये त्याचं नाव मोठं होतं, ताईसाठी तो छोट्या. त्याच्या कादंबऱ्यांचा नायक एक मांत्रिक होता, आजच्या शहरात राहणारा, गुप्तहेराचं काम करणारा. दाराच्या मुठीला हात लावला की त्या दारातून शेवटचं कोण गेलं ते त्याला दिसे, आणि एवढ्या भांडवलावर तो हरवलेली माणसं शोधत असे. सहा भाग निघाले होते, सातवा येत्या शुक्रवारी येणार होता. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाखाली वाचक मतं लिहीत आणि पाचपैकी तारे देत.

छोट्याला ती मतं वाचवत नसत. एखादं वाईट मत वाचलं की आठवडाभर त्याचं लिहिणं अडे. म्हणून पहिल्या भागापासून ठरलं होतं, मतं ताईने वाचायची, संध्याकाळी त्याला फोनवर सांगायची आणि झोंबणारी गाळायची.

‘मांत्रिकाची जादू पटली, एकट्याच्या कमाईत तो भरवस्तीत राहतो हे पटलं नाही.’ हे ती सांगे. ‘तिसऱ्या भागात त्याचा खांदा निखळतो आणि चौथ्याच्या सुरुवातीला त्याच हाताने तो कपाट सरकवतो. मलम कुठलं ते तरी सांगा.’ हे गाळे. ‘मांत्रिकाची अक्का फार बोलते, तिचा काहीतरी बंदोबस्त करा.’ हे तिने हसत हसत सांगितलं होतं, कारण ते झोंबलंच तर तिला झोंबणार होतं. मांत्रिकाबरोबर राहणारी, केसांचे टोप बनवणारी ती बडबडी अक्का कोणावरून घेतली ते दोघांनाही माहीत होतं. “दातांचे केस केलेस होय रे?” एवढंच ताई तेव्हा म्हणाली होती.

सोमवारचं मत सहाव्या भागाखाली होतं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव ‘चोखंदळ’. तो जुना वाचक होता आणि त्याने आजवर सगळ्या भागांना पाच तारे दिले होते. या वेळी त्याने लिहिलं होतं:

‘स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही, फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवावी लागते, असं मजकुरात आहे. प्रत्यक्षात मागच्या आठवड्यात तिथे नवी कडी बसवली गेली. विसंगती आहे. पूर्ववत केली. चार तारे.’

ताईने ते पुन्हा वाचलं. मग वाडग्यातलं प्लास्टर वाडग्यातच दगड झालं तरी तिचं लक्ष गेलं नाही.

छोट्याला मनातून घर रचता येत नसे. पाहिलेली जागाच त्याला लिहिता येई. मांत्रिकाचं घर म्हणून त्याने ताईचं तिसऱ्या मजल्यावरचं घर उचललं होतं, मागच्या जिन्यासकट, स्वयंपाकघराच्या खिडकीसकट. ती कडी कित्येक वर्षं मोडलेली होती. मागच्या आठवड्यात तिने सुतार बोलावून नवी बसवून घेतली होती. हे सुताराला माहीत होतं आणि तिला. छोट्यालाही अजून सांगायचं राहिलं होतं.

डोकं दुखतंय असं सांगून ती दुपारीच निघाली. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत काही हललेलं नव्हतं. स्वयंपाकघरात खिडकी लोटलेली होती आणि फटीत पुठ्ठ्याची घडी होती. नवी कडी ओट्यावर ठेवलेली होती, तिच्या शेजारी तिचे स्क्रू एका रांगेत, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला. लाकडावर एक ओरखडा नव्हता. ज्याने काढली त्याने घाई केली नव्हती.

ती जिन्यात आली आणि तिथूनच तिने भावाला फोन केला.

“सुताराला विचारलंस?” छोट्या म्हणाला. “कडी चुकीची लागली असेल, बदलायला आला असेल.”

“त्याच्याकडे किल्ली नाही.”

“मग कोणाकडे आहे?”

दुसरी किल्ली जिन्यातल्या विजेच्या मीटरच्या पेटीत असे. तिने पेटी उघडली. किल्ली जागेवर होती. पण किल्ली तिथे असते हे कोणाला माहीत होतं याचं उत्तर तिला त्याच क्षणी मिळालं, आणि ती पायरीवर बसली.

“छोट्या, तुला एक सांगायचंय. आधी तोंड बंद ठेवून ऐक.”

तिने जे सांगितलं ते असं. मतं वाचता वाचता तिला वाचकांच्या शंका सहन होईनाशा झाल्या होत्या. एकाने लिहिलं, स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे, मग तिथून मांत्रिकाला बसथांबा कसा दिसतो? लेखकाने घर नीट योजलेलंच नाही. घर तर तिचं होतं. तिने ‘शेजारीण’ असं टोपणनाव घेतलं आणि उत्तर दिलं की पाण्याची टाकी आणि बेकरीची भिंत यांच्यामधून, जरा वाकलं की, थांबा दिसतो. लोकांनी तिला दाद दिली. मग प्रश्न येत गेले. चौथ्या भागात मांत्रिकाची किल्ली नदीत पडते, तरी तो घरात कसा शिरतो? दुसरी किल्ली मीटरच्या पेटीत असते. मागच्या जिन्याने कोणी आलं तर अक्काला कळत कसं नाही? मधली पायरी वाजते, पण आतली मोरी वाहत असली की ऐकू येत नाही. अक्का घरी एकटी कधी असते? ताईने तेही सांगितलं होतं. त्या प्रश्नांतले बरेचसे चोखंदळचे होते. तो फार अदबीने विचारायचा.



“ताई,” छोट्या म्हणाला, “याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.”

“तुझ्या पुस्तकाची बाजू घेत होते रे मी.”

“मी मागितली होती बाजू?”

“पहिल्याच भागावर एकजण म्हणाला, लेखकाने कधी घर पाहिलंय का. ते तुला सांगितलं असतं तर दुसरा भाग निघाला असता का?”



संध्याकाळी दोघं पोलीस चौकीत गेली. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. त्याचा स्वभाव वाईट नव्हता.

“काय गेलं घरातून?”

“काही नाही.”

“म्हणजे कडी आधी मोडकी होती, मग नवी बसवली, आता परत कडी नाही. बाई, मला विचाराल तर सुताराला धरा.”

“त्याने मतात लिहिलंय ना तसं,” छोट्या म्हणाला.

“कोणी?”

“चोखंदळने.”

“पूर्ण नाव?”

छोट्याने नकारार्थी मान हलवली. हवालदाराने मत वाचलं, मग वर पाहिलं. “हे मांत्रिकवाले तुम्हीच का? आमची ही वाचते. चार तारे म्हणजे चांगलंच आहे की.” तरी त्याने तक्रार नोंदवून घेतली. संकेतस्थळाकडून माहिती मागवू, म्हणाला, पण वेळ लागेल. तोवर कुलूप बदला आणि दुसरीकडे राहा.

मंगळवारी कुलूप बदललं. ताई पिशवी भरून छोट्याकडे गेली. बुधवारी सकाळी ती फोन हातात घेऊन त्याच्या खोलीत आली आणि न बोलता तो त्याच्यासमोर धरला. छोट्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पुस्तकावरचं मत वाचलं.

‘कुलूप बदललं गेलं. मजकुरात पितळी आहे. एक तारा कमी करत आहे. अपेक्षा आहे की सातव्या भागाबाबत असं होणार नाही.’

चार ताऱ्यांचे तीन झाले होते.

“याला उत्तर दे,” छोट्या म्हणाला. “शेजारीण म्हणून. ते घर हे नव्हेच म्हण. तुझं ऐकतो तो.”

ताईने शब्द तोलून लिहिलं. कवळीचा चावा जुळवताना ती जसं कणाकणाने घासते तसं. ‘चोखंदळ, आपला काहीतरी घोटाळा होतोय. मांत्रिकाचं घर कल्पित आहे. मी सांगितलेले तपशील माझ्या लहानपणच्या घराचे होते, ती इमारत कधीच पाडली गेली. आपण भलत्याच कोणाच्या घरी जात असाल तर कृपया थांबा.’

उत्तर लगेच आलं. त्याने जणू फोन हातातच धरला होता.

‘शेजारीणबाई, सोमवारी आपण कामावरून लवकर आलात. जिन्यात बसून फोन केलात. चेहरा उतरला होता. काळजी घ्या. पुस्तक बिघडेल असं काही मी करणार नाही.’

ताईने फोन पालथा ठेवला. हात थरथरत होते म्हणून तिने ते काखेत धरले. सोमवारी जिन्यात तिला कोणी दिसलं नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. वरून कोणी उतरलं नव्हतं, खालून कोणी चढलं नव्हतं. म्हणजे तो आधीपासून कुठेतरी उभा होता, आणि ती बसली तेव्हा हलला नव्हता.

“पुस्तक बिघडेल असं म्हणजे काय?” ती म्हणाली. “छोट्या, सातव्या भागात काय आहे?”

छोट्या खिडकीकडे बघत राहिला. भाग निघण्याआधी ताईला कधीच काही सांगायचं नाही, हा त्यांचा आणखी एक शिरस्ता होता. पुढचं माहीत असलं तर मतं सांगताना तोल जाईल असं तिचंच म्हणणं होतं.

“बोल.”

“अक्का नाहीशी होते.”

“नाहीशी म्हणजे मरते?”

“ते सांगितलेलं नाही. मांत्रिक सकाळी घरी येतो. चहाचा कप अर्धा, चपला दारात, खुर्चीवर राखाडी शाल. अक्का नाही. तो मुठीला हात लावतो आणि त्याला पहिल्यांदाच काही दिसत नाही. शेवटपर्यंत ती सापडत नाही.” तो ताईकडे वळला. “तूच म्हणाली होतीस ना, लोकांना अक्का नकोय.”

“मी गंमत म्हणून सांगितलं होतं.”

“मला काय माहीत, कोणतं गमतीचं आणि कोणतं खरं. मला तर तू सांगशील तेवढंच कळतं.”

त्याने प्रकाशकाला फोन लावला. पुस्तकांचे गठ्ठे बांधून गाड्या निघाल्या होत्या, काही गावांत पुस्तकं दुकानांत पोचलीही होती. वरातीमागून घोडं, प्रकाशक म्हणाला, आणि शिवाय विचारलं की वाचक घरापर्यंत येतात ही बातमी छापायला हरकत नाही ना.

आता दोघांनाही सगळं स्पष्ट झालं होतं. या माणसाला पुस्तकात आणि घरात फरक नको होता, आणि तो दर वेळी घर दुरुस्त करत होता. शुक्रवारी त्याच्या हातात असं पुस्तक पडणार होतं ज्यात त्या घरातली बाई नसते. ताई कुठेही राहिली तरी ती ‘असणार’ होती. छोट्याचं घर शोधायला त्याला किती वेळ लागेल? लेखकाच्या पाठीमागे चार गल्ल्या चाललं की झालं.

“मी असताना कोण काय करतंय बघू,” छोट्या म्हणाला.

“तू झुरळाला घाबरतोस.”

“ते वेगळं.”

गुरुवारी सकाळी ताई चहा घेऊन त्याच्या खोलीकडे गेली तर आत कळफलकाची टकटक चालू होती. दार लोटून ती त्याच्या मागे उभी राहिली. पडद्यावर लिहिलेलं होतं: ‘कडी ओट्यावर होती. तिच्या शेजारी स्क्रू एका रांगेत, सगळ्यांची टोकं एकाच बाजूला.’

“छोट्या.”

तो दचकला. “आठवा भाग नाही हा. नुसतं टिपून ठेवतोय. विसरू नये म्हणून.”

“खाली काय लिहिलंयस ते वाच.”

त्याने वाचलं नाही. खाली तिचे थरथरणारे हात होते, काखेत धरलेले.

“तुला रागावत नाही मी,” ताई म्हणाली. खरंच तिच्या आवाजात राग नव्हता. “आपलेच दात, आपलेच ओठ. पण तुला जे कळतं ते तू लिहितोस. लिहिल्यावाचून राहवत नाही तुला. आणि तू लिहिलंस की ते त्याला कळतं.”

“मी शपथ घेतो.”

“माझं घर घेणार नाहीस अशीही घेतली होतीस.”

त्या दुपारी तिने त्याच्याकडून ते प्रकरण वाचून घेतलं, एकदा भरभर आणि एकदा सावकाश. मग ती एकटीच बाजारात गेली. तिच्याकडे राखाडी शाल नव्हती, ती घेतली, चपला घरी राहणार म्हणून बूट घेतले. पितळी कुलूप घेतलं आणि कुलूपवाल्याला बरोबर घेऊन उजेड होता तोवर घर गाठलं. तो कुलूप बसवत होता तोवर तिने दार सताड उघडं ठेवलं आणि त्याच्याशी मुलाबाळांचं मोठ्याने बोलत राहिली. बोलता बोलता चहा केला, अर्धा कप त्याच्यासमोर प्यायली, अर्धा ठेवला. चपला दारात, पुस्तकात होत्या तशा, एक सरळ आणि एक आडवी. शाल खुर्चीवर, पण पाठीवर की हातावर? तिने क्षणभर विचार केला. मजकुरात नुसतं ‘खुर्चीवर’ होतं. तिने ती बैठकीवर घडी न करता टाकली. कवळीत एक दात केसभर वर राहिला तर माणूस दिवसभर जीभ तिथेच लावतो. चोखंदळची जीभ कुठेच लागू नये, एवढंच ती बघत होती.

नव्या बुटांच्या नाड्या बांधताना तिच्या लक्षात आलं की मागच्या जिन्यावरची मधली पायरी वाजली. कुलूपवाला काही म्हणाला नाही. त्याला त्या आवाजाचं काही वाटण्याचं कारण नव्हतं. ताईने मोरीचा नळ सोडला, म्हणजे पुढचं तिला ऐकू येणार नाही आणि तिचे पाय उचलतील. मग नव्या कुलपाची दुसरी किल्ली मीटरच्या पेटीत ठेवून ती कुलूपवाल्याबरोबर, त्याच्या पुढे, पुढच्या जिन्याने उतरली आणि कोपऱ्यावर त्याच्याशी हसून निरोप घेऊन बसमध्ये चढली. ती कुठल्या बसमध्ये चढली ते छोट्याला तिने सांगितलं नव्हतं, म्हणून इथेही ते नाही.

शनिवारी सातव्या भागाखाली मत आलं. ते छोट्याने स्वतः वाचलं. आता मतं त्यालाच वाचावी लागत होती.

‘घर पाहिलं. कुलूप, कप, चपला, शाल, सर्व मजकुराप्रमाणे. नळ चालू राहिला होता, तो बंद केला. अक्का कुठेही नाही. लेखकाने या वेळी कमाल केली आहे. पाच तारे.’

पोलिसांनी पुढे संकेतस्थळाकडून माहिती मिळवली. चोखंदळचं खातं एका सार्वजनिक वाचनालयातल्या संगणकावरून चालत होतं. तिथे रोज कित्येक माणसं येत आणि सगळी वाचत बसलेली असत.

ताईला एका लांबच्या गावात काम मिळालं. कवळ्या सगळीकडे लागतात. ती कोणाला फोन करत नसे. हिवाळा सरता सरता एका दुपारी मात्र तिने दुकानातल्या फोनवरून भावाला फोन केला, कारण त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता आणि तिला राहवलं नाही.

“ताई!” तो जवळजवळ ओरडला. मग रडला. मग दोघं एकमेकांना हसली. जेवतोस का, जेवतो, जाड झालायस का, झालोय. थोडा वेळ सगळं पूर्वीसारखं होतं.

“एक सांगू?” छोट्या म्हणाला. “मतांचा पूर आलाय. सगळ्यांना अक्का परत हवी आहे. जे तिला शिव्या देत होते तेच. प्रकाशक पाठ सोडत नाही.”

“आणू नकोस.”

“ताई, पण...”

“छोट्या, तू तिला परत आणलीस तर तो मला आणेल. कळतंय का तुला?”

“पहिली तीन प्रकरणं गेली आहेत छापायला.”

ताईने दुकानाच्या भिंतीला हात टेकला. “कुठे सापडते ती?”

“अजून लिहिलेलं नाही. खरंच नाही. सुचतच नाही.” त्याचा आवाज खाली आला, लाडिक झाला, लहानपणी गोष्ट सांग म्हणायचा तसा. “मला पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही, माहीत आहे ना तुला. तू ठीक आहेस ना तिथे? बरी जागा आहे?”

“बरी आहे.”

“थंडी असते?”

ती उत्तर देणार होती. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात बाहेर बोटीच्या धक्क्यावरचा भोंगा वाजला, लांबलचक, आणि तिने झटकन फोनच्या तोंडावर तळहात दाबला. भोंगा थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग फोन कानाला लावला.

पलीकडून नुसती टकटक ऐकू येत होती, भरभर, एकसारखी.